धवळे अडकलेला कॉम्प्युटर

१४ नोव्हेंबर. काम साधं होतं. कॉम्प्युटर लावायचा आणि पोशीरच्या आजींचे धवळे पेनड्राइव्हवर घ्यायचे. आजी धवळारीण, म्हणजे लग्नात धवळे गाऊन विधी करणाऱ्या. गावातली लग्नं त्यांच्या गाण्यांनी लागायची. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसत्या कुजबुजतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीची हळद होती. मागे एका लग्नात मी फोनवर त्यांची गाणी टिपली होती, फोन बदलताना कॉम्प्युटरवर टाकली. दुसरीकडे कुठेच नव्हती.

आजी त्यासाठीच दहिवलीला माझ्या घरी आल्या होत्या. पडदा काळा, वर इंग्रजीत एक ओळ: सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. बंद करून पुन्हा लावला. तेच.

"गेली का गं बाय?" आजींनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं. खोटा धीर मला देता येत नाही.

पेपरातून डोकं न काढता आमचे हे म्हणाले, "म्हातारा झालाय तो. पुसून नवीन विंडोज टाक." मीही कंटाळून तेच करणार होते. पण आधी शिळफाट्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मशीन घेऊन या, म्हणाला असता तर त्यात गैर काही नव्हतं. त्याने हातातलं काम ठेवलं आणि कॉम्प्युटर चालू होताना कुठलं बटण दाबत राहायचं ते सांगितलं. निळ्या पडद्यावर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती.

"प्लग काढून ठेवता काय, ताई?"

ठेवतेच. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की आमच्याकडे सगळ्यांचे प्लग निघतात. त्या वर्षी काढलेला प्लग दिवाळी सरली तरी तसाच राहिला होता. आतला सेल संपला होता, त्यामुळे मशीन तारीख विसरलं आणि कुठून सुरू व्हायचं तेही.

"खाली डिस्कचं नाव दिसतंय ना? मग ती धड आहे. काहीही पुसू नका."

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात तसाच चपटा सेल होता. प्लग काढून, झाकण उघडून तो बसवला. तारीख घातली, कुठून सुरू व्हायचं त्या यादीत डिस्क पहिली आणली. कॉम्प्युटर सुरू झाला. गाणी जागेवर होती. आजींनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, आधी दुसरीकडे कॉपी करा, आभार नंतर. त्याचं ऐकलं. आजही त्याची आठवण निघाली की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन पोशीरला गेले. देऊन लगेच परतायचं होतं. मांडवात स्पीकर लागला. आजींनी घरातल्या मुलींना समोर बसवलं, दोन ओळी झाल्यावर हात वर केला, तसं मी गाणं थांबवलं. गाणं थांबलं की मुलींनी म्हणायचं, चुकलं की आजी मान हलवणार.

एकदा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हितं मीच घाई केली हाय. पोरींना सांग, हळू."

सांगितलं. मग जेवणाची पानं मांडेपर्यंत बटणापाशी बसून गाणं चालू-बंद करत राहिले.