शेवटच्या ओव्हरचा बोलर

परवा नातीसाठी टेनिस बॉलचा डबा घेतला. झाकण उघडताच नव्या बॉलचा तो रबरी वास आला.

भात कापून झाला की आमच्याकडे मोकळ्या शेतांत क्रिकेटच्या स्पर्धा भरायच्या. पनवेल-उरणकडची गावं मला पैसे देऊन न्यायची, तेही फक्त शेवटच्या ओव्हरसाठी. मॅचभर बांधावर बसायचं, खांदा गरम ठेवायचा, हाक आली की सहा बॉल टाकून मोकळं व्हायचं.

नेऱ्याच्या फायनलला समोर आमचंच गाव आलं. मी समोरच्या गावाला आधीच शब्द देऊन बसलो होतो. शेवटच्या बॉलवर गावाला दोन रन हवे होते आणि बॅट होती माझ्या थोरल्या भावाच्या हातात.

"टाक रं, लाजू नको," दादा म्हणाला.

मी यॉर्कर टाकला. मधला स्टंप उडाला.

गावातलं कोणी माझ्याशी बोललं नाही. दादाच्याच सायकलवर मागे बसून घरी आलो. 

दारात आईने विचारलं, "कोन जिकला?"

दादा पाय धुताना म्हणाला, "आपलाच जिकला."

तेव्हा मला वाटलं, हरल्याच्या लाजेने तो आईशी खोटं बोलतोय. त्याचा 'आपला' म्हणजे मी, हे कळायला वर्षं गेली.