कशेडी घाट विमानातून

मुंबई ते सिंधुदुर्ग, सव्वा तास, असं मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा वडिलांनी विचारलं, "मुलुंडसून काय?" प्रश्न रास्त होता. विमान कंपन्यांच्या मुंबईत मुलुंड धरत नाहीत.

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एसटीत रात्रभर बसायला डॉक्टरांची बंदी होती. पण ऑपरेशनआधी ते गावच्या ग्रामदेवतेला नवस बोलून बसले होते: स्वतःच्या पायांनी चालत येईन, नारळ ठेवीन. तो नारळ चार महिने देव्हाऱ्यात होता. मधूनमधून कानाशी हलवून आत पाणी असल्याची ते खात्री करून घेत.

लहानपणी गावाला निघताना वडील दारात नारळ धरून गाऱ्हाणं घालायचे. त्यात पनवेलपासूनचा प्रत्येक घाट, प्रत्येक पूल यायचा. कशेडीत सांभाळ, परशुराम घाटात सांभाळ, ड्रायव्हरला डुलकी लागू देऊ नको. दर वाक्याला आम्ही भावंडं "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचो. कोकणचा भूगोल मला तिथे पाठ झाला. शाळेने त्यात फारशी भर घातली नाही.

या वेळी दारात ते "बा देवा म्हाराजा" म्हणाले आणि अडले. मधे सांभाळायला काही नव्हतंच. "वाटेत जा काय येत, ता सांभाळ," म्हणून आटोपतं घेतलं.

वाटेत पवई आली. सव्वा तास तिथेच गेला.

विमानतळावर भिंतींना झाडं लावली होती आणि कोणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं. बॅग काउंटरवर देऊन आम्ही तपासणीला गेलो. जवानाने वडिलांच्या पिशवीतून नारळ काढला.

"काका, हा आत नेता येणार नाही. आणि कोकणात नारळ घेऊन चाललात?"

"ह्यो बोललेलो नारळ आसा."

"नियम आहे, काका."

वडील माझ्याकडे वळले. "माझा तिकीट रद्द कर. हात हलवत देवाकडे जाव काय?"

मी नियम समजावू लागलो. त्यांनी ऐकलं नाही. जरा वेळाने जवानाला म्हणाले, "दोन मिनिटं हातात द्याल?" त्याने दिला. पायात चपला नाहीत, पट्टा ट्रेमध्ये, अशा अवस्थेत त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, नारळ हयच ऱ्हवलो. पाय तेवढे घेऊन येतंय. ता मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेतून चारपाच जण म्हणाले. आमच्याच विमानाचे असणार. मी सगळ्यात शेवटी म्हणालो. सवय गेली होती.

विमानात त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "कशेडी गेलो?"

खाली नुसते ढग होते. "गेला," मी म्हणालो. त्यांनी ढगांना हात जोडले.

दुपारी रस्त्यापासून देवळापर्यंत ते चालत गेले. तीनदा थांबले, पण हात कोणाला धरू दिला नाही. गाभाऱ्यापाशी गुरवाने विचारलं, "नारळ?"

"विमानतळार ठेवलंय," वडील म्हणाले. "देवाक म्हायत आसा."