मुक्या मोटारी आणि अक्कांची गिटार

उभ्या बालाघाटात आवाजाचा माझ्या साडूंइतका कट्टर वैरी आजवर झाला नाही, पुढं होण्याची शक्यताही नाही. वडवणीत त्यांचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान आहे. म्हणजे जळालेली मोटार उकलायची आणि आत नवी तार गुंडाळून द्यायची. हा धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण साडूंनी भरलेली मोटार चालू आहे की बंद, हे पाइपाच्या तोंडाशी हात धरल्याशिवाय कळत नाही. धारूरकडच्या एका गिऱ्हाइकानं बटण दाबलं, काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा लाईट गेली समजून तो जेवायला घरी गेला. परत येऊन बघतो तर कांद्यात गुडघाभर पाणी आणि पाण्यात बगळे! तो भांडायला आला, तर साडूंनी त्याला चहा पाजला आणि त्याची ती तक्रार प्रशस्तिपत्रासारखी वर्षभर सगळ्यांना ऐकवली.

“आवाज करती म्हंजी कुठंतरी ढिली हाय,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. घरातला पंखा, मिक्सर, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांना त्यांनी मुकं करून टाकलंय. मोटारसायकल तर अशी, की ती निघून गेल्यावर गल्लीतली कुत्री आठवण आल्यासारखी भुंकतात. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे महाशय मांडवामागं जनरेटरला कान लावून बसले होते; अक्षता टाकायला आले तेव्हा पंगत उठत होती. घरात आता एकच आवाज उरलाय, तो त्यांच्या घोरण्याचा. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, “तुमालाच कावून ऐकू येतंय? मला तर कधी न्हाई आलं.”

अशा माणसाच्या कपाटावर गिटार होती. ती अक्कांची, म्हणजे साडूंच्या बायकोची. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. डी.एड.ला असताना बीडच्या बाजारातून घेतलेली, प्लायवूडची, आधीच कुणीतरी वापरलेली. तिच्यावर अक्कांना शेळीचं एकच बालगीत वाजवता यायचं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी पहिलीचे कितीतरी वर्ग रडायचे थांबवले. पुढं तारा अडकवायची घोडी उखडली, पाठीला चीर गेली आणि गिटार कपाटावर चढली ती चढलीच. यंदा अक्का निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या दिवशी ते गाणं एकदा वाजवायचं, एवढीच त्यांची इच्छा.

“बीडला वाद्यवाल्याकडं देऊ,” मी म्हणालो.

साडू भडकले. “पाव्हणं, उभ्या तालुक्याच्या मोटारी भरतो मी. ही तर नुसती पेटी हाय, हिला लाईट बी लागत न्हाई!”

खोटं कशाला बोलू, काम त्यांनी देखणं केलं. जुना सरस खरवडला, घोडी बसवून दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवली, चिरेत लाकडाचा भुसा भरला, खुंट्यांना तेल दिलं. मग नव्या तारा ओढून एक छेडली. सगळी पेटी घुमली. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण साडूंचा चेहरा उतरला. “गुणगुणतीया,” ते म्हणाले, डॉक्टरनं नाडी सोडून मान हलवावी तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता जन्मभराचा इलाज केला. गिटारीच्या पोटात मोटारीची सुती पट्टी ठासून भरली, वरून मोटारीच्याच वार्निशचे तीन हात दिले आणि ती पत्र्यावर उन्हात वाळवली. संध्याकाळी ती अक्कांच्या मांडीवर ठेवून म्हणाले, “वाजीव. एक कण थरथर न्हाई!”

अक्कांनी बोटं फिरवली. उशीला टिचकी मारावी तेवढा आवाज झाला. त्यांनी गाण्याची पहिली ओळ ओठातल्या ओठात म्हटली, पुन्हा एकदा बोटं फिरवली, आणि गिटार पदरानं पुसून परत कपाटावर ठेवली. “असू द्या. मी भाषण करीन.” त्या जेवेपर्यंत पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. साडूंना सहन न झालेली ही आयुष्यातली पहिली शांतता.

सकाळी दुकान बंद. मी गेलो तर साडू अंगणात, गिटारीच्या भोकातून आकड्यानं पट्टी उपसतायत, काचेच्या तुकड्यानं वार्निश खरवडतायत. मी म्हणालो, “जपून, आवाज येईल हं.”

“गप बसा अन् हिकडून धरा,” ते म्हणाले.

कोपऱ्यातलं वार्निश निघालं नाही ते नाहीच. निरोपाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात गिटार वाजली, पण तिसरी तार डब्यात अडकलेल्या माशीसारखी करकरत होती. पोरं तिच्यावर वरताण ओरडत शेळीचं गाणं म्हणत होती. पहिल्या रांगेत बसलेल्या साडूंचा हात सवयीनं खिशातल्या पेचकसाकडं गेला.

“तिसरी तार,” मी कुजबुजलो.

“ऐकू येतंय मला,” ते म्हणाले, आणि पेचकस खिशात आणखी खाली ढकलला.

ती करकर अजून तशीच आहे. संध्याकाळी अक्का ओट्यावर गिटार घेऊन बसल्या की साडू आतून येतात, ओट्यावरचा पंखा बंद करतात आणि घाम पुसत ऐकत बसतात. तो पंखा आवाज करत नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?