गप्प ग्रुपचा अ‍ॅडमिन

गावाच्या मोबाईल ग्रुपचं अ‍ॅडमिनपद घ्या, किस्से गोळा करायला घराबाहेर पडावं लागत नाही. विट्याजवळच्या आमच्या गावची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. ती एकमेकांशी बोलती राहावीत म्हणून मी ग्रुप काढला. सगळे आले आणि गप्प बसले.

एकदा विचारलं, यंदा यात्रेला तमाशा ठेवायचा की ऑर्केस्ट्रा? ग्रुपवर चिडीचूप. माझा फोन मात्र संध्याकाळपर्यंत वाजत होता. प्रत्येक जण आपलं मत सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "माजं नाव घिऊ नगासा."

मग ग्रुपवरच मतदान ठेवलं. दिवसभर एक मत नाही. संध्याकाळी कोइमतूरच्या थोरल्या आण्णांचं मत ऑर्केस्ट्र्याला पडलं, आणि बघता बघता सगळ्यांची मतं ऑर्केस्ट्र्याला! दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन आला. "बोट चुकून लागलं रं. मला तमाशाच पायजे हुता."

'माझं शेत' अशी फोटोस्पर्धा घेतली. एकाचाच फोटो आला, तोही त्याच्या शेजाऱ्याच्या उसाचा. त्यानं बांध कोरलाय, हे गावाला दाखवायला. शेजाऱ्यानं ग्रुपवर उत्तर दिलं नाही. तो थेट घरी जाऊन देऊन आला.

बोलायचे ते एकटे सुभेदार तात्या. फौजेतून रिटायर झालेले. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचा एकच शब्द यायचा, "हजर." त्यावर मी नमस्कार टाकायचो, बाकी कुणी हूं की चूं करत नसे. बायको म्हणाली, दोघांसाठी ग्रुप कशाला, त्यांना चहालाच बोलवा की. ते मला लागलं. रागाच्या भरात लिहिलं, ग्रुप रविवारी बंद होणार. त्यावरही कुणी बोललं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

शनिवारी तात्यांचं "हजर" आलंच नाही.

थोड्या वेळानं मदुराईच्या एकानं जन्मात पहिल्यांदा ग्रुपवर तोंड उघडलं, "तात्या कुठं हायत?" मग हैदराबाद, दिल्ली, जालंधर. कुणी म्हणे दवाखान्यात बघा, कुणी म्हणे माणूस पाठवा. मी अनवाणीच तात्यांच्या घरी पळालो. दाराला कुलूप, फोनही लागेना. तेवढं ग्रुपवर कळवलं आणि एकच कालवा उठला. आण्णांनी तर कोइमतूरहून गाडी काढली.

दुपारी तात्यांचा मेसेज आला.

"वडूजला लेकीकडं आलोय. एक दिवस रजा. तुमी सगळी इतकं दिवस कुठं हुता?"