म्हातारीचे ओठ

थिएटरात हसणाऱ्या माणसांचा मला इतका राग येईल, असं आधी कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. मुलांचा सिनेमा, रविवारची सकाळ. लोक हसायलाच तर येतात. पण त्या दिवशी नाशिकच्या त्या मल्टिप्लेक्समध्ये मी दातओठ खात बसले होते, आणि शेजारी माझी आई होती.

सिनेमा बाहुल्यांचा होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने चार मित्रांना घेऊन, गंगापूर रोडला एक बंगला भाड्याने घेऊन तो केला होता, मुलांच्या एका छोट्या पुस्तकावरून. गोष्ट साधी होती. धरणात रान गेलेली एक म्हातारी आणि तिची म्हैस. म्हशीला धरण कुठून कळणार? ती जुन्या कुरणाच्या ओढीने रोज पाण्यात शिरते आणि म्हातारी काठावरून तिला हाका मारते. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. दिवसभर खपून जेमतेम चार-पाच सेकंदांचा सिनेमा व्हायचा.

मी शाळेत मराठी शिकवते. संवादांचं शुद्धलेखन तपासून घ्यायला तो विद्यार्थी माझ्या घरी आला होता. आत आई खिडकीतल्या मांजराला झापत होती. तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, म्हातारीचा आवाज सापडला.

आई घोटीकडच्या खेड्यातली. वडील गेल्यावर माझ्याकडे राहायला आली, त्याला बरीच वर्षं झाली. पण तिची बोली शहरात आली ती तशीच राहिली. हाय, नाय, व्हतं, लय. मी त्या पोराला आधी नाहीच म्हणाले. लोक हसतील, म्हणाले. त्याने विचारलं, का हसतील? तोवर आईनेच निकाल लावून टाकला, "बोलायचंच हाय ना? मंग बोलते की."

त्या बंगल्यात एका ताटलीत म्हातारीचे ओठ मांडलेले असायचे, टिकल्यांसारखे. प्रत्येक उच्चाराला वेगळे. बाहुलीच्या तोंडावर ते एकामागून एक बसवायचे, की बाहुली बोलते. 'व्हतं' म्हणायला त्यांच्याकडचे कुठलेच ओठ जुळेनात. मग त्यांच्यातली एक मुलगी आईसमोर मांडी घालून बसली आणि तिच्याकडून दुपारभर 'व्हतं' म्हणवून घेत नवे ओठ कोरत राहिली. आई लाजून अर्धी झाली होती. तिच्या तोंडाकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

तर तो सिनेमा. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच मागचा एक गृहस्थ कुरकुरायला लागला, कार्टून आहे तर एवढं संथ का? त्याच्या शेजारच्याने ज्ञान पाजळलं की हल्ली हे सगळं कॉम्प्युटर एका मिनिटात करतो. मी मान वळवून त्याच्याकडे वर्गात बघते तसं बघितलं. काही उपयोग झाला नाही. पोरांनी दोन वर्षं डोळे फोडून केलेलं काम, आणि हा पॉपकॉर्न खात नाकाने कांदे सोलतोय.

मग म्हातारीने तोंड उघडलं. "लय ऊन हाय आज." आणि अख्खं थिएटर हसलं.

ऊन आहे यात हसण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही. आई मात्र खूश झाली. माझं मनगट धरून कानाशी म्हणाली, "हसत्यात गं. म्हंजी आवडलं." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर म्हातारी बोलली की लोक हसणार, हे ठरूनच गेलं. टीव्हीने इतकी वर्षं हेच तर शिकवलंय. खेड्यातली बाई बोलली की विनोद झाला. ती काय बोलतेय ते ऐकायचं कारण नाही.

शेवटाकडे ती संध्याकाळ येते. म्हैस खोल गेलेली, पाण्यावर फक्त तिच्या नाकपुड्या दिसतात. म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणते, "माघारी ये गं बाई. आपलं रान बुडालं. पर मी हाय ना." हे बोलताना बंगल्यात आई खरंच रडली होती. आणि इथे लोक हसले. मागून कुणीतरी मोठ्याने "हाय ना!" म्हणून नक्कल केली, तेव्हा पुन्हा हसले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी तेवढी ओरडून विचारत होती, म्हैस परत येईल ना? तिला तिच्या बापाने गप्प केलं. पोरं म्हशीकडे बघत होती, आणि त्यांचे आईबाप भाषेला हसत होते.

आईने माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर पडताना पुढे एक बाई होती, सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलगा आपल्याच नादात "पर मी हाय ना, पर मी हाय ना" म्हणत चालला होता. बाई त्याला म्हणाली, "असं बोलायचं नाही हं. गावठी वाटतं."

एवढं मला पुरे होतं. मी तिला तिथेच अडवलं. गावठी म्हणजे काय हो, असं विचारलं. तो आवाज माझ्या आईचा आहे, ही इथे उभी आहे, असं सांगितलं. रडणाऱ्या म्हातारीला हसणारी माणसं शुद्ध बोलली काय आणि अशुद्ध बोलली काय, त्यांच्या तोंडाला कुलूपच बरं, असंही म्हणाले. माणसं थांबून बघायला लागली. मला थांबायचं नव्हतं.

बाई पांढरी पडली. तिने आधी आईला हात जोडले, "सॉरी आजी" म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि मला ओळखलं. ती उलटून भांडली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच गोंधळली होती.

"पण मॅडम," ती म्हणाली, "पालकसभेत तुम्हीच सांगितलं होतं ना, घरी शुद्ध बोला म्हणून? याच्या वहीत 'नाय'ला लाल गोल तुम्हीच केला होता. तेव्हापासून मी सासूबाईंनाही सांगितलंय, त्याच्याशी कमी बोला."

मुलगा माझ्याकडे बघत होता. आता मीही त्याला ओळखलं. तो माझ्या दुसरीच्या वर्गातला होता, आणि गोल मीच केला होता. असे किती गोल केले असतील, देव जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मी आईचा हात धरला आणि जिना उतरले.

रिक्षात मी द्वारका चौक येईपर्यंत त्या बाईला नावं ठेवत होते. तिच्यावर चिडणं सोपं होतं. आई बाहेर बघत होती.

घरी पोचतो न पोचतो तोच गावाहून मावशीचा फोन आला. सिनेमा कसा झाला ते तिला ऐकायचं होतं. एरवी आई फोनवर बोलते ते शेजारच्या दोन घरांना ऐकू जातं. त्या दिवशी तिने फोन तोंडाशी धरला आणि हळू, एकेक शब्द जपून बोलली, "हो. चांगला आहे. मी पण आहे त्यात." आणि फळ्यावर गणित सोडवलेलं पोर बाईंकडे बघतं तसं माझ्याकडे बघितलं.

पलीकडून मावशीचा खणखणीत आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"कोन बोलतंय? आक्काला फोन दे ना."