रेघताईंच्या हाताचा बोभाटा

आमच्या इमारतीत बातमी पसरली की रेघताईंचा हात थरथरतो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या थरथरीचा कंपवात झाला, चौथ्यावर अर्धांगवायू. एखादी पायरी मीही चढवली असेल, नाही कशाला म्हणू! पण खोटं ते खोटंच. त्याच आठवड्यात बाईंनी चष्मा न लावता सुईत दोरा ओवून माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. वर "पोट कमी करा भाऊजी, बटणाचा दोष नाही," हेही ऐकवलं होतं.

रेघताई जमीनमोजणीच्या कचेरीत संगणकावर नकाशे काढतात. जुन्या नकाशावरून माउसने हद्दीची रेघ गिरवायची. केसभर सरकली की एकाचं अंगण दुसऱ्याच्या घशात! वीस वर्षांत त्यांची एकही रेघ परत आली नव्हती. गेल्या महिन्यात मात्र पाच नकाशे परत आले. पडद्यावरचा माउसचा बाण कोपऱ्यावर थांबेचना, पुढे उडीच मारायचा. साहेब म्हणाले, "सोमवारपासून रेघा तुमच्या जाऊबाई मारतील. तुम्ही फायली लावा." ही धाकटी जाऊ ताईंनीच कचेरीत चिकटवलेली, शेजारी बसवून शिकवलेली.

ताईंनी डॉक्टर गाठला. "हात माझ्यापेक्षा स्थिर आहे," तो म्हणाला. तरी त्यांचा विश्वास बसेना. रविवारी माझ्याकडे आल्या.

"तुमच्या संगणकावर एक रेघ मारून बघू का, भाऊजी?"

मारली. ताणलेली दोरीच जणू. ताई तिच्याकडे बघत राहिल्या आणि चहा न घेताच उठल्या.

सोमवारी फायलींकडे न जाता त्यांनी आपल्या यंत्रावर माउसची सेटिंग उघडली. बाणाचा वेग पार टोकाला, आणि 'अचूकता वाढवा' याच्यापुढे टिक. नाव सोन्यासारखं, गुण उलटे: हात जरा घाईत सरकला की बाण दुप्पट पळतो. नवख्यांना ताईंचा पहिला धडा हाच, की ही टिक काढा. जाऊच्या यंत्रावर ती काढलेलीच होती. आणि ताईंचा पासवर्ड जाऊशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. रजेच्या दिवशी काम अडू नये म्हणून त्यांनीच दिलेला.

टिक काढून ताईंनी साहेबांसमोर अख्खी हद्द गिरवली. खुर्ची परत मिळाली.

संध्याकाळी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. मी कचऱ्याची बादली घेऊन तिथेच. कचरा केव्हाच टाकून झाला होता.

"चुकून झालं असेल, ताई," जाऊ म्हणाली.

"वेगही चुकून?"

जाऊने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही निवृत्त होईपर्यंत मी फायलीच लावत बसायचं का? आणि हे घरात सांगू नका हं."

मला वाटलं, आता सात पिढ्यांचा उद्धार होणार. ताईंचा आवाज चढलासुद्धा नाही.

"खुर्ची मागितली असतीस तर उठले असते गं. तू मला माझ्याच हातावर संशय घ्यायला लावलंस."