स्प्रिंगचा डबा चालू असताना

या सदरातले अनुभव माझी सून मला मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी हसतो. हडळ, चकवा, पांढरी साडी... चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढलेला माणूस आहे मी. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. "मग तुमचं ते लिहा की," असं सून महिनाभर मागे लागली होती, म्हणून लिहितोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझी काही हरकत नाही.

साल त्र्याहत्तर. घाटकोपरला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो — बाबा, मी आणि धाकटी बहीण मालू. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबा मालवणकडचे. तीस वर्षं गिरणीत, कापड विणायच्या साच्यांवर. तिथल्या खडखडाटात निम्म्या कामगारांचे कान जायचे, तसे बाबांचेही गेले. थोडेथोडके नाही, ठार. डॉक्टरनं सांगितलेलं, आतली नस मेली, आता आशा नको. साच्यावरची माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. त्यामुळे समोर उभं राहून बोललं की बाबांचं अडायचं नाही. पाठ फिरली की संपलं.

मी कारखान्यातून सुटलो की हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी घेऊन, स्टीलची कांडी फिरवत. एका ऑर्केस्ट्रात जागा रिकामी झाली होती. त्यांचा म्होरक्या फटकळ माणूस. म्हणाला, "हात चांगलाय रे तुझा, पण तुझी गिटार कोरडी वाजते. एको घेऊन मंगळवारी ये. नसेल तर येऊ नकोस." यापूर्वी दोन ऑर्केस्ट्रांनी मला घरी पाठवलं होतं. ही जागाही गेली असती तर मी गिटार माळ्यावर टाकणार होतो. तसं मालूला सांगूनही ठेवलेलं.

अंधेरीला ब्रिटो नावाचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा होता. त्याच्याकडे दोन वस्तू होत्या. एक त्यानं स्वतः बनवलेला रिव्हर्ब — पत्र्याचा डबा, आत दोन लांब स्प्रिंगा. गिटारचा सूर त्यातून गेला की विहिरीत वाकून गायल्यासारखा घुमायचा. दुसरा, बोटीवरून आलेला जुना टेप एको. त्यात टेपचं कडं गोल फिरत राहायचं आणि वाजवलेला सूर मागाहून दोनदा, तीनदा परत यायचा. ब्रिटो म्हणाला, "दोनो ले जा, घर में बजाके देख. रविवारी संध्याकाळी एक परत. बोटीवरच्या बँडचा माणूस थांबलाय, तू नको म्हणशील ते तो नेणार, आणि सोमवारी त्याची बोट सुटते."

शनिवारी दुपारी मी आधी स्प्रिंगचा डबा लावला. बाबा गॅलरीत, आमच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसले होते. स्वयंपाकघरातून मालू ओरडली, "दादा, हळू रे! शेजारचं बाळ झोपलंय!"

आणि बाबा मान न वळवता म्हणाले, "वाजवूंदे गो तेका."

माझी कांडी हातातच राहिली. मालू पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. मग मी हळूच म्हटलं, "बाबा?"

"काय रे?"

मी डबा बंद केला. "बाबा!" काही नाही. बोंबललो, तरी नाही. चालू केला, नेहमीच्या आवाजात हाक मारली — "अरे, काय ता सांग मरे!" सहा-सात वेळा केलं हे. त्या डब्याला माइक नव्हता. आमचं बोलणं त्यातून जातच नव्हतं. जमिनीची थरथर म्हणावी तर मी गिटारची वायरच काढून टाकली, तरी तेच. एको लावून पाहिला, त्यानं काही झालं नाही. बाबांना ऐकू यायचं ते फक्त स्प्रिंगचा डबा चालू असताना.

बाबा आत येऊन डब्याशेजारी बसले. मालूला म्हणाले, "बोल गो, कायव बोल." ती बिचारी काय बोलणार? आमटीत मीठ किती घातलं ते सांगत बसली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "तुझो आवाज आवशीवर गेलो गो," म्हणाले — आईवर. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हा त्यांनी तिचा आवाज शेवटचा ऐकला होता. मालू रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

त्या संध्याकाळी गिटार राहूनच गेली. बाबांनी नळ सोडून बघितला, भांडी आपटून बघितली, खालून जाणाऱ्या कल्हईवाल्याची हाक ऐकून खुदकन हसले.

आता तुम्ही म्हणाल, विचार कसला करायचा? डबा ठेवायचा, एको परत! मलाही तोंडानं हेच म्हणायचं होतं. पण रविवारी सकाळी मी एकोवर वाजवलं आणि माझीच गिटार मला ओळखू येईना, इतकी सुरेख. झकास! मंगळवार डोळ्यांसमोर दिसायला लागला. चेहऱ्यावर दिसलं असणार, आणि माणसांचे चेहरे वाचण्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "बंद पडलो वाटता तुझो डबो. सकाळपासून माका कायच ऐकाक येणा नाय. तू आपलो दुसरो घे." आणि गॅलरीत जाऊन, रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी खाली वाण्याकडे जाऊन ब्रिटोला फोन केला. एको ठेवतोय, स्प्रिंगचा घेऊन जा. संध्याकाळी तो आला आणि डबा गेला.

मंगळवारी मला घेतलं. पुढे बारा वर्षं मी त्या ऑर्केस्ट्रात होतो. मध्ये दोनदा दुसरे स्प्रिंगचे रिव्हर्ब घरी आणले, चालू करून बाबांच्या मागे उभा राहिलो, हाका मारल्या. काही नाही. बाबा गेले ते तसेच.

डबा गेला त्याच आठवड्यात आणखी एक झालं होतं. मालूचं सावंतवाडीचं एक स्थळ ठरत आलेलं, बाबांनी अचानक कार्ड टाकून मोडलं. "माका ती माणसा पसंत नाय," एवढंच. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याची लहर.

गेल्या वर्षी मालू माझ्याकडे आली होती. बोलता बोलता म्हणाली, "दादा, तू फोन करायला गेलास ना, तेव्हा मी बाबांच्या मागे उभी राहून बोलले. त्यांना ऐकू येत नाही असं वाटलं, म्हणूनच धीर झाला रे. म्हटलं, बाबा, मला त्या घरात नका देऊ, मी जीव देईन. खूप रडले. त्यांनी मान वळवली नाही. आणि चार दिवसांनी कार्ड टाकलं."

मी तिच्यावर खेकसलो, इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हणून. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गिटार वाजवली असतीस?"

त्या पत्र्याच्या डब्यात काय होतं, मला माहीत नाही. दोन इंजिनियरांना विचारलं, दोघंही माझ्याकडे बघून गालात हसले. हसू देत. मला छळतं ते वेगळंच आहे. रविवारी जेवणानंतर डबा चालूच होता, त्याचा लाल दिवा मला दिसत होता. बाबा पाठ करून बसलेले, मी चार पावलांवर. नुसतं "बाबा" म्हणायचं होतं, की कळलं असतं. मी चपला घातल्या आणि फोन करायला गेलो.